जमुनाने घेतलेली ओटी

रांगेतल्या एका मुलीच्या अंगाला एका गिऱ्हाइकाने मुद्दाम हात घासला, तेव्हा जमुनाने आपली पिठाची चक्की बंद केली आणि धान्य मोजायचं लोखंडी माप त्याच्या मनगटावर हाणलं. वर त्याची ज्वारी न दळता परत केली. माणूस गावातल्या वजनदार घरचा होता. त्याच्या घरचे भांडायला आले, तर ती चक्कीच्या दारात पदर खोचून उभी राहिली. हिवरखेडात हे सगळ्यांना माहीत आहे. मी तिची शेजारीण, गावच्या शाळेत शिकवते, आणि हे आधीच सांगून ठेवते आहे, कारण पुढचं ऐकून लोक तिला भोळी म्हणतात आणि मला ते खपत नाही.

जमुनाचा नवरा देवमन शेत बघतो आणि बायकोपुढे फारसा बोलत नाही. मुलगी एकच, आचल. अंधार असतानाच अकोटच्या रस्त्यावर धावायची. अमरावतीला भरतीच्या क्लासमध्ये राहिली आणि सैन्याच्या पोलीस दलात लागली. आमच्या भागातून तिकडे गेलेली पहिली पोरगी. ट्रॅक्टरवर मिरवणूक निघाली, गुलाल उधळला, चौकात फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर पुढाऱ्यांची तोंडं तिच्या तोंडाहून मोठी होती, पण जमुनाला त्याचंही कौतुक होतं.

आचलची नेमणूक उत्तरेतल्या एका छावणीत झाली. तिथे शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. तिचा एक उस्ताद निघाला शेंदूरजनाघाटचा, म्हणजे आपल्याच वऱ्हाडातला. एवढ्या लांब आपली बोली बोलणारं माणूस मिळालं म्हणून जमुना हरखली. स्वतः फोनवर बोलली त्याच्याशी, माझ्या पोरीकडे लक्ष असू द्या भाऊ, म्हणाली. त्यानेही अगत्याने हो म्हटलं.

त्याच उस्तादाने एका दुपारी सामान मोजायला म्हणून आचलला कोठारात बोलावलं आणि दार लावून घेतलं. बाहेरून कोणीतरी दार वाजवलं म्हणून ती सुटली, पण तोवर व्हायचं ते बरंच झालं होतं. त्यापलीकडचं मी लिहिणार नाही. संध्याकाळी तिने रडत आईला फोन केला. त्या वेळी मी चक्कीतच होते. जमुना खाली बसली, पिठाने पांढरा झालेला हात कपाळाला लावला आणि म्हणाली, "लेहून दे. भेऊ नको. म्या हाये." आचलने तक्रार लिहून दिली. चौकशीची समिती बसली आणि उस्तादाला दुसऱ्या कामावर टाकलं.

नंतर पंधरवड्याच्या आत उस्तादाची आई सुभद्राबाई हिवरखेडला आल्या. सोबत त्यांची सून, मोबाईल हातात धरलेला भाचा आणि संत्र्याचं एक क्रेट. वय झालेली, अंगाने वाळलेली बाई. आल्या त्या सरळ जमुनाच्या पायाशी बसल्या आणि रडल्या. ते रडणं खोटं नव्हतं, हे मी समोर बसून पाहिलं आहे. पोरगं चुकलं, माझ्या पोटचं आहे, मी कुठे जाऊ, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मग त्यांनी पिशवीतून साडी, खण, नारळ आणि तांदूळ काढले आणि जमुनाची ओटी भरायला उभ्या राहिल्या.

आता इथे कोणी शहाण्याने विचारावं की तिने नाही का म्हटलं नाही. म्हाताऱ्या सवाष्णीच्या हातची ओटी दारात नाकारायची म्हणजे तिच्या कुंकवाला आणि आपल्याही कुंकवाला अपशकुन करायचा. तेवढा दगडाचा ऊर आमच्याकडे कोणा बाईला नाही. पण जमुनाने ओटी घेतली ती नुसती रीत म्हणून नव्हे. आमच्या गावांत ज्याची चूक असते, त्याची आई ओटी घेऊन येते. ओटी आली म्हणजे गुन्हा कबूल झाला, हे शेंबड्या पोराला कळतं. उस्तादाच्या आईनेच कबुली दिली, आता पोरीची बाजू पक्की झाली, असा तिचा हिशेब. तरी तिने पदर पसरण्याआधी सगळ्यांदेखत बजावलं. "ओटी घेतो मी. पन पोरीची तक्रार मांगं घेत नाई. हे आयकून ठेवा."

सुभद्राबाईंनी मान डोलावली. भाच्याने मोबाईलवर फोटो काढला.

फोटोत बोलणं उमटत नाही. तो त्याच संध्याकाळी छावणीत पोचला. दुसऱ्या दिवशी चौकशीच्या समितीने आचलला बोलावलं. दोन्ही घरांचं जुळलं आहे, तुझ्या आईची हरकत नाही, तुलाही पुढे नोकरी करायची आहे, असं सगळं गोडीत सांगितलं. मुलीच्या इच्छेने तडजोड झाली की पुढची चौकशी होत नाही, असा नियम आहे म्हणे. आचलने तडजोडीवर सही केली. चार महिन्यांनी घरगुती अडचण सांगून नोकरी सोडली आणि पत्र्याची पेटी घेऊन एसटीतून उतरली. तेव्हापासून ती आईशी कामापुरतं बोलते. वाढू का, नको. चक्कीवर बसशील का, बसते. आई विचारायला गेली की उठून आत जाते. मला विचाराल तर जमुनाला खरी शिक्षा ही झाली, आणि ज्याला व्हायला हवी होती तो पुन्हा पोरींना कवायत शिकवतो आहे.

मागच्या हिवाळ्यात संसदेची एक समिती अमरावतीला येणार असल्याचा निरोप आला. सैन्यात मुली किती, कुठल्या जिल्ह्यांच्या, कुठल्या समाजांच्या, त्यांना तिथे कसं वागवलं जातं, हे खासदार पाहणार होते. अशा मुलींच्या आयांना बोलावलं होतं. आचलचं नाव जुन्या यादीत राहिलं असावं, म्हणून जमुनालाही बोलावणं आलं. तिला त्यात देव दिसला. दिल्लीचे मोठे लोक आहेत, त्यांच्या कानावर एकदा खरं गेलं की तडजोड मोडेल, तक्रार पुन्हा उभी राहील आणि पोरगी आपल्याशी बोलेल, एवढंच तिच्या मनात होतं. अकोटला गाडी बदलून आम्ही दोघी अमरावतीला गेलो.

सभागृहात पडद्यावर मुलींचे संचलनाचे फोटो दाखवले. आमच्या शेजारी अकोल्याच्या आयशाबी बसल्या होत्या. त्यांची कहकशाँ नौदलात आहे. त्यांना पुढे बोलावून पुष्पगुच्छ दिला, फोटो काढले. मग एका अधिकाऱ्याने छळाच्या तक्रारींचा आढावा दिला. आल्या तेवढ्या सगळ्या निकाली निघालेल्या, प्रलंबित एकही नाही. खासदारांनी बाकं वाजवली. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

जमुना उठली. थांबायला सांगितलं तरी बोलत राहिली. दार लावलं इथपासून ओटीपर्यंत सगळं सांगितलं. खासदार बहुतेक परप्रांतांतले, म्हणून एक अधिकारी तिचं बोलणं हिंदीत सांगत होता. ओटीपाशी तो अडखळला आणि म्हणाला, यांनी समोरच्या घरची साडी स्वीकारली होती. सगळ्यांनी जमुनाकडे पाहिलं. मी उठून म्हटलं, साहेब, असं नाही ते. मला बसवलं.

अध्यक्षांनी सभ्यपणे सांगितलं की एकेकट्या प्रकरणात शिरायचा समितीला अधिकार नाही. तेवढ्यात एका खासदार बाईंनी विचारलं, तडजोड केलेल्या मुलींपैकी आज नोकरीत किती आहेत? अधिकाऱ्याने फायली उलटल्या. ही माहिती ठेवली जात नाही, म्हणाला.

"एक मले माईत हाये," जमुना म्हणाली. "ते घरी हाये."

मग मात्र कोणी बाक वाजवलं नाही. त्या खासदार बाई अध्यक्षांशी हळू आवाजात बराच वेळ बोलल्या आणि एवढं पदरात पडलं की मुलीने स्वतःच्या सहीने महिनाभरात निवेदन पाठवावं, ते गुप्त राहील आणि समिती त्यावर जाब विचारेल. आईचं चालणार नाही, मुलीचंच हवं. बाहेर आयशाबींनी जमुनाचा हात धरला आणि तुमच्या पोरीने घरी किती दिवसांनी सांगितलं, असं विचारलं. त्याच दिवशी, असं ऐकल्यावर त्या पुष्पगुच्छ बाकड्यावर ठेवून कहकशाँला फोन लावत राहिल्या. पलीकडून कोणी उचलत नव्हतं.

परतीच्या गाडीत जमुना पुष्कळ दिवसांनी भरभरून बोलली. घरी पोचताच तिने कोरा कागद आणि पेन आचलच्या पुढ्यात ठेवलं आणि समितीत काय काय झालं ते सांगितलं. मी दाराशीच होते. आचलने सगळं ऐकून घेतलं. कितीतरी महिन्यांनी ती उठून आत गेली नाही, तेव्हा मलाही वाटलं, सुटला गुंता.

"तुले काहून वाटलं म्या सही केली?" तिने विचारलं.

जमुना म्हणाली, त्यांनी दाबलं असेल, भेवाडलं असेल.

"कोनं नाई भेवाडलं. त्याइनं सांगतलं, तुह्या मायनं मिटवलं. म्या म्हनलं, माही माय असं करनार नाई. तुमी खोटं बोलून राहिले. दोनदा म्हनलं." आचलचा आवाज चढला नव्हता. "मंग त्याइनं फोटो दाखवला. तू हासून राहिली होती."

त्या भाच्याने, मावशी इकडे पाहा, असं म्हटलं होतं. फोटो काढताना माणूस हसतं, आमच्याकडे दुसरं काही येतच नाही कोणाला. मी हे सांगायला पुढे झाले, पण जमुनाने हाताने मला थांबवलं. तिने आचलपुढचा कोरा कागद उचलला, घडी घातली आणि चक्कीत निघून गेली. आचलने तो मागितला नाही. महिना उलटला, आणि हिवरखेडहून दिल्लीला काहीच गेलं नाही.