कोणतेही नुकसान झालेले नाही

मराठी शिकवणाऱ्या माणसाला कागद दिसला की लिहावंसं वाटतं. वाघोलीजवळ मागून टेम्पोनं ठोकलं, तेव्हा हीच खोड मला नडली.

मागच्या सीटवर माझी सहा वर्षांची मुलगी होती. जन्मतःच बहिरी. ऑपरेशन करून आत यंत्र बसवलंय, पण कानामागचं मशीन नसेल तर तिला ढगांचा गडगडाटही ऐकू येत नाही. ती रडत होती. रक्त नाही, खरचटलेलं नाही, एवढं पाहून मी उतरलो. कानाकडे बघितलंच नाही.

मी शिक्षक आहे हे कळताच टेम्पोवाला गयावया करू लागला. "गुरुजी, चूक माझीच हाय. पण पोलीस नको, मिटवून टाकू की. पोरगी बरी हाय ना?"

"बरी आहे," मी मागे न बघता म्हणालो.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे मी वर्गात नेहमी सांगतो. मग बॉनेटवर वहीचं पान ठेवून झोकात लिहिलं: 'सदर अपघात उभयपक्षी आपसात मिटला असून कोणतेही नुकसान झालेले नाही.' मुलगी गाडीतून उतरून सारखी माझा शर्ट ओढत होती. मी डोळे वटारून हातानंच थांब म्हणालो. आम्ही सह्या केल्या. मी कागदाचा फोटोही काढून ठेवला.

टेम्पो निघून गेल्यावर मशीन सापडलं, माझी सीट सरकते त्या खालच्या पट्टीत चिरडलेलं.

नवं मशीन घेण्याची माझी ऐपत नाही. गाडीच्या विम्यात आतल्या सामानाची भरपाई होती, तोच एक आधार. अर्ज मन लावून लिहिला आणि अपघाताचा पुरावा म्हणून त्या कागदाचा फोटो मीच जोडला. एवढा मूर्खपणा दुसऱ्या कुणाला सुचला नसता.

विमा कंपनीकडून पाहणीसाठी कोथरूडला घरी आलेल्या गृहस्थांनी तो वाचला. "अक्षर सुंदर आहे हो आपलं. पण नुकसान नाही असं आपणच लिहिलंय. आम्ही खरं कुणाचं मानायचं? गुरुजींचं की गुरुजींचं?"

मी हात जोडले. मशीनचे तुकडे त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चहा घेतला, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेले. आठवड्यानं दावा नामंजूर झाल्याचं पत्र आलं.

आता तिसरा महिना आहे. तिला बोलतं करायला आम्हाला चार वर्षं लागली होती. स्वतःचा आवाज ऐकू येईना, तशी ती आधी ओरडून बोलायची. मग शब्द तुटायला लागले. हल्ली नुसतं बोटानं दाखवते. मला भीती वाटते, झोप उडवणारी भीती.

काल फेरविचाराचा अर्ज लिहीत बसलो होतो. ती काहीतरी सांगायला आली, शर्टाकडे हात नेला. माझ्या हातातलं पेन दिसताच तिनं तो मागे घेतला आणि माझं लिहून होईपर्यंत शेजारी गप्प उभी राहिली.