काळ्या रंगाखाली

नाव: तोगाशी किंजी. वय: बहात्तर. व्यवसाय: वाहनांच्या पत्र्याची दुरुस्ती व गंजनिवारण. कार्यक्षेत्र: खालची वाडी, मधली वाडी व वरची वाडी. सदर इसमाने खारे वारे आणि हिवाळी रस्त्यांवर टाकले जाणारे मीठ यांच्याशी प्रदीर्घ मुकाबला करून तिन्ही वाड्यांतील वाहने रस्त्यावर, व पर्यायाने तिन्ही वाड्यांतील लोकवस्ती जागेवर, राखण्यात मोलाचा वाटा उचलला आहे. सदर इसमाच्या हातून गेलेले एकही वाहन सरकारी तपासणीत नापास झालेले नाही.

अकिताच्या किनाऱ्यावरच्या नगरपालिकेनं दिलेलं हे सन्मानपत्र किंजीनं शेडमध्ये हाताला लागेल त्या खिळ्याला टांगलं. वर्षभरात खिळ्याचा तांबूस ओघळ चौकटीवरून खाली उतरला. किंजीनं तो पुसला नाही. ओघळ पुसून गंज जात नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

मार्च सरता सरता हात्सुए वरच्या वाडीतून ट्रक घेऊन आली. ही त्याची थोरली भावजय. एइझो, म्हणजे किंजीचा मोठा भाऊ, जाऊन तीन हिवाळे झाले होते. वरच्या वाडीत आता तिच्या एकटीच्या घरात दिवा लागायचा. सेंदाईला राहणारी मुलगी मिसाओ सारखी बोलवत होती. शेवटी मायलेकींचं असं ठरलं, की बाबांचा छोटा ट्रक तपासणीत पास होतोय तोवर आईनं गावी राहावं. ज्या वर्षी होणार नाही, त्या वर्षी लायसन पोलिसांत जमा करून सेंदाईला यावं. मिसाओला वाटलं होतं, म्हातारा ट्रक फार तर एक थंडी काढेल. काकाच्या ब्रशचा तिला अंदाज नव्हता.

"किंजीसान, नेहमीसारखं खालून काळं फासून द्या," हात्सुए स्टुलावर बसत म्हणाली. "मला रॉकेल घेऊन परत जायचंय."

तपासणीआधी गाडीच्या पोटाला काळा रंग देण्याची त्या किनाऱ्यावर रीतच आहे. गाडी धुवावी, वाळवावी, गंज खरवडून काढावा आणि मग रंग द्यावा, हे सगळ्यांना माहीत असतं. पण एइझोच्या ट्रकची तपासणी मार्चात यायची. पोटाला थंडीभराचं मीठ चिकटलेलं असायचं आणि एइझोला रोपांची घाई असायची. "खरवडत काय बसतोस? तपासणीच्या साहेबाला काळं दिसलं की झालं," तो म्हणायचा. थोरल्या भावाला उलटून बोलायची किंजीला सवय नव्हती. तो मिठावरच रंग चढवायचा. लोणचं बरणीत मुरावं तसं ते मीठ काळ्याखाली मुरत राहिलं. भाऊ गेल्यावरही एकदा त्यानं तसाच हात मारला होता. सवय माणसाच्या मागे उरते.

या खेपेला मात्र घाई करायला कुणी नव्हतं. किंजीनं ट्रक जॅकवर चढवला आणि हातोडीनं चॅसीवर टकटक करत मागे सरकत गेला. ठण, ठण, ठण. मागच्या चाकापाशी आवाज आला, थप.

त्यानं तिथं खरवडलं. काळ्याचा पापुद्रा निघाला आणि त्याच्यामागून लोखंड पानापानांनी गळायला लागलं. ठिगळ जोडायचं तर भोवती धड पत्रा हवा. तो दोन्ही बाजूंना नव्हता.

"वहिनी, जरा इकडे या."

"मला काय कळतंय त्यातलं? तुमच्या भावाच्या वेळी डॉक्टरही असेच फोटो दाखवायला बोलवायचे."

त्यानं तिच्या हातात टोच्या दिला. "इथं दाबा."

तिनं दाबला. टोच्या मुठीपर्यंत आत गेला.

"अगं बाई! तोफू आहे की काय हा?"

"तोफू बरा. तो आपला आकार तरी धरून असतो."

हात्सुए थोडा वेळ वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "काळं लावलं तर?"

"पास होईल. साहेबाची हातोडी कुठं पडते ते मला माहितीये."

"मग?"

"मग एखाद्या दिवशी समुद्राच्या वळणावर पुढचा अर्धा ट्रक खाली येईल आणि मागचा अर्धा वरच राहील."

"ओझं असतं तरी किती? मी आणि चार मुळे." किंजी हसला नाही, तशी ती म्हणाली, "ते असते तर लाव म्हणाले असते. आणि तुम्ही मुकाट्यानं लावलंही असतंत."

"लावलं असतं. तेच तर लावत आलो. म्हणून असं झालंय."

"शहरात कुणी लावून देईल."

"मी सगळ्यांना फोन करून सांगेन, लावू नका."

"दुष्ट आहात."

"हो."

तिनं टोच्या एप्रनला पुसून त्याला परत दिला. तो जागेवर ठेवत किंजी म्हणाला, "माझा जुना ट्रक घेऊन जा. तो धड आहे."

"मिसाओशी ठरलं ते या ट्रकवर," हात्सुए म्हणाली. "पोरीला फसवायचंच असतं तर पहिल्याच वर्षी फसवलं असतं." मग डब्यातला धुरावून खारवलेला मुळा काढून तिनं त्याच्यापुढे धरला. "खा. यंदा जास्त खारट झालाय."

त्यानं खाल्ला. खारट झाला होता. मग रॉकेलचे डबे आपल्या गाडीत टाकून तो तिला वर सोडून आला. वाटेत समुद्राच्या वळणावर त्यानं गाडी हळू घेतली.

मे महिन्यात हात्सुएनं लायसन जमा केलं. बदल्यात बसभाड्यात सवलत देणारं कार्ड मिळालं. वरच्या वाडीला बस जात नाही. त्याच आठवड्यात ती सेंदाईला गेली.

ट्रक तपासणीला गेलाच नाही, त्यामुळे सन्मानपत्रातलं शेवटचं वाक्य अजून खरं आहे. आता किंजी धुतल्या-खरवडल्याशिवाय कुठल्याही गाडीला काळं लावत नाही, आणि किती वेळ लावतोय म्हणून लोक कुरकुरतात. कार्यक्षेत्रात वरच्या वाडीचं नाव कायम आहे.

तिथं कुणी राहत नाही.