डाव्या विंगेतले आबा

आधीच सांगते, मी धरणगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. भूत-बित, आत्मा-बित असा विषय निघाला की स्टाफरूममध्ये सगळ्यांत मोठ्याने मीच हसते. तेव्हा आता तुम्ही मला हसलात तरी माझी तक्रार नाही...

माझ्या लहानपणी आमच्या गावातले एक नाटकवेडे गृहस्थ, सगळ्यांचे आबा, बालनाट्यं बसवायचे. ससा-कासव, सिंह-उंदीर, कोल्हा-करकोचा - सगळी अहिराणीत, आमच्या खानदेशी बोलीत. प्रयोगाला डाव्या विंगेत तेलाच्या डब्यावर बसायचे आणि प्रॉम्प्टिंग करायचे ते नुसते ओठ हलवून. आवाज बाहेर गेला म्हणजे पोराची लाज गेली, असं त्यांचं म्हणणं. तिसरीत मी कासव झाले होते. पाठीवर घमेलं बांधून गावभर मिरवले. काय ऐट होती!

तेच नाटक शाळेत बसवायचं म्हणून मी आबांकडे त्यांची वही मागायला गेले, आणि तिथे नको तो शहाणपणा केला.

"आबा, स्पर्धा धुळ्याला आहे. परीक्षकांना अहिराणी गावंढळ वाटेल. मी सगळं शुद्ध मराठीत करून घेते."

त्यांनी वही पुढे केली. "कर बेटा, तुले बठ्ठं समजस," तुला सगळं कळतं, एवढंच म्हणाले.

दोन महिन्यांनी आबा गेले. माझं बोलणं त्यांना लागलं होतं का, हे विचारायचं राहूनच गेलं. ते सारखं सलत होतं.

प्रयोग गेल्या वर्षी झाला, धुळ्याच्या स्पर्धेत, भर दुपारी. कासव होती पाचवीतली पूजा. तिचं कुटुंब नरडाण्याहून नुकतंच आलेलं, तिने आबांना कधी पाहिलेलं नाही. डाव्या विंगेत आमच्या जंगलाचे फ्लॅट, म्हणजे रंगवलेले उभे फळे, भिंतीपर्यंत कोंबले होते, माणूस मावायला जागा नव्हती. म्हणून मी संहिता घेऊन उजवीकडे उभी होते.

ससा म्हणाला, "तू तर उद्या पोचशील!"

आणि पूजा... गप्प. मी ओठ हलवतेय, हातवारे करतेय, पण पोरगी माझ्याकडे बघेचना. ती डावीकडे बघत होती, एकटक. मग सावकाश, एकेक शब्द उचलत म्हणाली -

"पोचसू ना भाऊ, सकाय पोचसू. पन मनं घर मनासंगे शे. तुनं कोठे शे?"

पोचेन, उद्या पोचेन, पण माझं घर माझ्यासोबत आहे, तुझं कुठे आहे - माझ्या हातातल्या संहितेत हे नव्हतं. ते आबांच्या वहीत होतं आणि वही माझ्या घरी, कपाटात, कुलूपबंद. तिसरीत मी हेच बोलले होते, शब्दन् शब्द. इकडे टाळ्या थांबेनात! ससा झालेली पोरगीही लगेच घरच्या बोलीत शिरली आणि उरलेलं नाटक दोघींनी तसंच रेटून नेलं.

पडदा पडल्यावर मी पूजाला गाठलं. "कोणी सांगितलं गं तुला?"

"त्या आबानी. तठे डबावर बठेल व्हतात ना!"

मी जाऊन पाहिलं. फ्लॅट आणि भिंत. डबाबिबा काही नाही. नंतर तिच्या घरी विचारलं, आबांच्या जुन्या कलाकारांना विचारलं... कोणीही तिला ते वाक्य शिकवलेलं नव्हतं. मला आजही याचा उलगडा झालेला नाही, आणि विज्ञानाच्या बाईला हे लिहिताना फार बरं वाटतंय असंही नाही.

पण त्या दुपारी मी तिला आणखी एक विचारलं होतं. "रागावलेले दिसत होते का गं?"

पूजा पाठीवरचं घमेलं सोडत म्हणाली, "नही बाई. हासत व्हतात. तुमनाकडे देखीसन."