हलकं कोणतं?

"काका, बर्फाच्या नशेपेक्षा एमडी हलकं ना?" असं कोणी विचारलं की ते तोंडातली कवळी काढून टेबलावर ठेवत. मग बोळक्या तोंडानं म्हणत, "आता बोल गा."

काकांचं वय जेमतेम चाळीस. आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात पेशंट म्हणून आले आणि बरे झाल्यावर मदतनीस म्हणून राहिले. मी तिथली समुपदेशक. तिथल्या मुलांची सत्रं आम्ही दोघं मिळून घ्यायचो.

बुटीबोरीच्या कापड गिरणीत डबल ड्यूटी झेपावी म्हणून त्यांनी एमडी, म्हणजे मेफेड्रोन, धरलं होतं. ते सांगत, "लवकर उतरे, मंग पुन्हा पाहिजे. छाती अशी धडधडे का बाजूच्याले ऐकू जाईन. मंग कोनीतरी बर्फ दिला, क्रिस्टल मेथ. तो उतरेच ना. झोप गेली, दात गेले. भिंतीत मानसं बोलून राहिले, असं वाटे. एक दिवस बायकोले त्यांच्यातलीच समजलो अन् पोरीसकट घराबाहेर काढलं."

मग म्हणत, "एकानं घाईघाईत खाल्लं, दुसऱ्यानं सावकाश. खाल्लं मलेच."

एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता. "मी फक्त एमडीवाला, मला इथं कशाला ठेवता?" हे त्याचं रोजचं. एका दुपारी तो बॅग उचलून निघून गेला. तोवर काकांचं हृदय पार अशक्त झालं होतं. डॉक्टरांनी जिना चढायलाही मनाई केली होती.

मी म्हणाले, "तुम्ही जाऊ नका."

"काहून नाही जाऊ, मॅडम? बसून राहिलो तर नवी छाती भेटन का?" पायात चपला सरकवून ते गेलेसुद्धा.

दिवस मावळताना दोघं परत आले. काकांचे ओठ निळसर पडले होते. बाकावर टेकत म्हणाले, "चहा सांगा, दोघाले."

पुढच्या उन्हाळ्यात काका गेले. शोकसभेला त्यांची बायको आणि मुलगी आल्या, मागच्या रांगेत बसल्या. तो विद्यार्थी उठला. आता तो नोकरीला लागला आहे.

"केंद्रातून निघालो त्या दुपारी मी काटोलच्या बसमध्ये बसलो होतो," तो म्हणाला. "काका धापा टाकत चढले, शेजारी बसले. वाटलं, आता भाषण देतील. पण ते एक शब्द बोलले नाहीत. माझी बॅग मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली. काटोल आलं, सगळे उतरले, तरी सोडली नाही."