जळूच्या थुंकीतील औषधाबाबत

अर्जदार : नाव नोंदलेले नाही. स्थळ : आष्टी, कचेरीसमोरील लिंबाची सावली. वार : बाजाराचा. साक्षीदार : चहावाला व मी, अर्जलेखक.

सदर इसम जळवा लावणारा. मांडीवरच्या जळवांच्या मडक्याच्या तोंडावरचे ओले फडके तो बोलताना सारखा चाचपत असे. तलाव आटल्याने मडक्यात एकही जळू उरली नव्हती आणि घरी बायकोचा पाय काळा पडत होता.

"डाक्टर म्हणला, तिच्या पायात रगत गोठलंय, आन जळूच्या थुकीत रगत गोठू न देनारं कायतरी असतंय. त्याचं आता इंजेक्शन निघालंय, पर आपल्याकडं मिळत न्हाई. सायेब, तेवढं सरकारनं द्यावं, असं ल्ह्या."

"मग रिकामं मडकं कावून मिरवतो, बे?" चहावाला म्हणाला.

"फडकं वाळलं तर लोक म्हनतेल, धंदा मेला."

त्या पदार्थास प्रथिन म्हणतात, हे मी अर्जात आवर्जून नमूद केले. उत्तर आले नाही. बायकोचा पाय गुडघ्यातून कापावा लागला.

तो पुन्हा आला, फडके चाचपत बसला व म्हणाला, "दुसरा पाय बी काळा पडाया लागलाय. जुनाच अर्ज चालंल, का नवा ल्ह्यावा लागंल?"

सबब मेहेरबान साहेबांस नम्र विनंती की, निदान या प्रश्नाचे लेखी उत्तर मिळावे.