डिझेलचा हट्ट

तिसऱ्यांदा ट्रक टो होऊन यार्डात आला, तेव्हा बॉसनं इंजिनाबद्दल काही विचारलंच नाही. "ड्रायव्हर कोण?" एवढंच विचारलं.

"लिम अंकल."

"परत तेच? जोशी, महिनाअखेर त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. रिन्यू करायचं नाही. त्याआधी मला तुझा रिपोर्ट दे."

आमची कंपनी सिंगापुरातल्या टॅम्पिनीस भागातल्या वसाहतींमधून लोकांनी टाकून दिलेले सोफे, कपाटं, गाद्या उचलायची. मी तिथे फ्लीट इंजिनियर, म्हणजे ट्रक निवडायचे आणि ते चालते ठेवायचे. लिम अंकल त्रेसष्ट वर्षांचे, माझ्या कितीतरी आधीपासून कंपनीत. या वयात दुसरीकडे कोणी त्यांना स्टिअरिंगला हातही लावू दिला नसता, हे बॉसला ठाऊक होतं आणि मलाही.

लॅपटॉप जोडून ट्रकचा रेकॉर्ड काढला. नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या नळीत एक फिल्टर असतो. चहाच्या गाळणीत चोथा साठावा तशी त्यात काजळी साठते. ती जाळायला भरपूर उष्णता लागते. गाडी हायवेवर अर्धा तास पळाली की ते आपोआप होतं. नाहीतर डॅशबोर्डवर दिवा लागतो. मग गाडी उभी करायची, बटण दाबायचं आणि इंजिन वीस मिनिटं चालू ठेवायचं. याला रीजेन म्हणतात. लिम अंकलच्या ट्रकवर रीजेन अकरा वेळा सुरू झालं होतं आणि अकराही वेळा मध्येच इंजिन बंद केलं गेलं होतं. शेवटी फिल्टर तुंबला आणि गाडी बसली.

रिपोर्ट तिथेच तयार झाला असता. पण कागदावर सगळं फारच स्वच्छ दिसलं की मला संशय येतो. मी याला स्वभाव म्हणतो, बायको खोड म्हणते. दुसऱ्या दिवशी अंकलना तसलाच दुसरा ट्रक मिळाला होता. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.

दोन मिनिटं गाडी चालली. इंजिन बंद, कपाट चढवलं. पुढच्या ब्लॉकपर्यंत परत दोन मिनिटं. अकराच्या सुमारास दिवा लागला. अंकलनी कारपार्कच्या कडेला ट्रक लावून बटण दाबलं. पाच मिनिटं होतात न होतात तोच दुसऱ्या मजल्यावरच्या एक बाई मोबाइल उगारत खाली आल्या.

"अंकल, इंजिन ऑफ लाह! माझ्या नातवाला दमा आहे. फोटो काढू का?" इथल्या बोलण्यात 'लाह' असा वाक्याला शेपटासारखा लागतो.

"सॉरी, सॉरी," म्हणत अंकलनी चावी फिरवली. सिंगापुरात उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवणं गुन्हा आहे. दंड ड्रायव्हरला बसतो.

"अंकल, हे मला सांगायचं नाही का?"

त्यांनी डॅशबोर्डकडे बोट दाखवलं. तिथे दोन स्टिकर होते. एकावर लिहिलं होतं, 'दिवा लागल्यास इंजिन वीस मिनिटं चालू ठेवा.' दुसऱ्यावर, 'गाडी उभी असताना इंजिन बंद ठेवा.' दोन्हींखाली माझंच नाव.

"दोन्ही तुझेच," ते शांतपणे म्हणाले. "तू इंजिनियर. मला वाटलं, मलाच कळत नसेल लाह."

मला लाज वाटली. अंकलना इकडे आड तिकडे विहीर करून ठेवली होती ती मी. आणि आता चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायचा रिपोर्टही मीच लिहिणार होतो.

हे ट्रक घेताना पेट्रोलचाही पर्याय होता, आणि त्या मॉडेलला असला फिल्टरच नव्हता. मी ढुंकूनही पाहिलं नाही. पुण्यात काकांच्या गॅरेजमध्ये वाढलो. माल ओढायचा तर डिझेल, पेट्रोल सहलीला, हे तिथलं ब्रह्मवाक्य. डिझेल कमी वेगातही जोरात ओढतं आणि इंधन कमी पितं, हे खरंच आहे. पण ते मोठ्या पल्ल्याच्या गाडीला. आमचा ट्रक सलग किती पळतो, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

मी हे सगळं बॉसला सांगितलं.

"मग दोष इंजिनाचा?"

"इंजिन चांगलं आहे, बॉस. काम चुकीचं दिलं. आणि निवडलं मी. पुढचे तीन ट्रकही डिझेलचेच मागवलेत, ते थांबवा."

बॉसनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हे तुझ्या नावानं फाइलला लागेल. विचार केलायस?"

"केलाय."

केला नव्हता. माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे परदेशी माणसाचा इथे नोकरी करायचा परवाना, तोही याच बॉसच्या सहीनं रिन्यू व्हायचा होता, हे मला खाली जाताना लिफ्टमध्ये आठवलं.

पास रिन्यू झाला. ट्रक निवडायचा अधिकार मात्र वर्षभर काढून घेतला गेला, आणि ते योग्यच होतं. डिझेलचे ट्रक बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या लांब फेऱ्यांवर गेले. तिथे ते गुणी बाळासारखे चालले. टॅम्पिनीसला पेट्रोलचे आले. अंकलनी पहिल्याच दिवशी तक्रार केली, "चढावर दम नाही लाह." तीही खरी होती.

त्यांचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झाल्याचं सांगायला मी स्वतः गेलो होतो. ते लॉकर बंद करत होते. आत काहीच नव्हतं. कॉफीचा मग, सपाता, कॅलेंडर, सगळं त्यांनी आठवडाभर रोज एकेक करून घरी नेलं होतं. कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून. ते फक्त "ओके, ओके" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी कॉफीचा मग परत घेऊन आले.

आता नवा ट्रक निवडायचा असला की ब्रोशर मी नंतर वाचतो. आधी एक पूर्ण दिवस ड्रायव्हरच्या शेजारी बसतो. गाडी उभी की इंजिन बंद, त्यामुळे एसीही बंद. त्या घामात जे कळतं ते ब्रोशरमध्ये छापत नाहीत.