सहाजणींच्या होडीत सातवी

अमेरिकेत बेलव्ह्यूला आलो तेव्हा नवऱ्याला कामाचा व्हिसा होता, मला नुसता राहण्याचा. घरात बसून डोकं फिरायची वेळ आली, तेव्हा तळ्यावरच्या आउटरिगर क्लबात नाव घातलं. सहाजणींची अरुंद, लांबलचक होडी, आणि ती उलटू नये म्हणून एका बाजूला बांधलेला तरंगता दांडा. आठवड्यातून तीनदा सकाळी वल्ही मारायची. मी गेले नाही तर कोणाच्या लक्षात येईल, अशी त्या गावात मला तेवढी एकच जागा होती. शर्यतीत उतरायची इच्छा मला फार होती, पण ती बोलून दाखवायची पद्धत आमच्या घरात नव्हती.

२००६च्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या क्रीडास्पर्धा भरल्या. सायकली, टेनिस, पोहणं, आणि आमच्या होड्यांच्या दोन शर्यती, एक सकाळी, एक दुपारी. आम्ही सातजणी. पाच जागा ठरलेल्या होत्या. सहावी माझी की आमच्यातल्या नर्सची, एवढंच बाकी होतं.

कोचने मला विचारलं, "यू वॉन्ट टु रेस?"

मी म्हटलं, "नो नो, लेट हर गो."

आता तो म्हणेल, असं कसं, तूच बस. मग मी जरा आढेवेढे घेईन आणि बसेन. आपण दुसरी पोळीसुद्धा अशीच घेतो. तो "ग्रेट, थँक्स!" म्हणाला आणि तिचं नाव लिहून मोकळा झाला.

मी काठावर सहाजणींचे टॉवेल सांभाळत उभी राहिले. राग आला, तो स्वतःचाच. बघायला आलेल्या नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "अगं, इथे एकदाच विचारतात. माझं पहिलं प्रमोशन असंच गेलं, यार." हे त्याने मला तोवर कधी सांगितलं नव्हतं.

होडी चौथी आली.

दुपारी कोचने सगळ्यांना विचारलं, "सेम क्रू, ऑर स्वॉप?" त्याचं वाक्य पुरं होतंय न होतंय तोच मी म्हणाले, "आय वॉन्ट टु गो."

नर्सची आई तीन तास ड्राइव्ह करून नुकतीच पोचली होती. घडीची खुर्ची उघडून पाण्याकडे तोंड करून बसली होती. नर्सने एकदा तिकडे पाहिलं आणि हसून मला म्हणाली, "नो, इट्स फाइन. यू गो."

ते हसू काय होतं, हे त्या काठावर माझ्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. मी थँक्स म्हटलं, वल्हं उचललं आणि होडीत जाऊन बसले.